बाजाराच्या दुसऱ्या दिवसाचं नाव

साल दोन हजार बावीस. मी तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो. आधार कार्डावर माझं वय कमी लागलं आहे, पण कार्ड काढणाऱ्यापेक्षा माझी आई मला जास्त ओळखत होती, म्हणून मी तिचाच हिशोब धरतो. त्या साली रोवणा आटोपत आला असताना माझ्या बायकोनं दुसऱ्याच्या बांधीतलं रोवलेलं धान उपटलं.

आमचा नागभीडकडचा सारा मुलूख धानाचा. आधी एका कोपऱ्यात दाट रोपं वाढवायची, मग ती खणून, धुवून, जुड्या बांधून बांधीच्या, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्याच्या, चिखलात एकेक करून रोवायची. हा रोवणा म्हणजे बायांचं काम, आणि माझी बायको त्यात गावात पुढे. एकदा वाकली की ओळ संपल्याशिवाय पाठ सरळ करायची नाही. त्या दिवशी ती सकाळीच घरातून निघाली, शेजाऱ्याच्या बांधीत उतरली, आणि आठवड्यापूर्वी रोवलेलं धान उपटून, मुळं धुवून, जुड्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मांडत बसली. जुड्या सगळ्या सारख्या. पाहणाऱ्याला वाटावं, आज इथे रोवणाच लागला आहे.

शेजारी ओरडत आला असता तर बरं झालं असतं. मी पण ओरडलो असतो. तो हळू आला.

"भाऊ, बुढीले घरी न्या," तो म्हणाला. "धानाचं मी पाहून घेतो."

"बांधी चुकली तिची," मी म्हटलं. "आपलीच समजून उतरली."

"हो, बांधी चुकली," तो म्हणाला. आपल्या बांधीतलं तरी रोवलेलं कोणी उपटते का, हे त्यानं विचारलं नाही. मी तिला हाताला धरून घरी आणलं. वाटेनं ती माझ्यावर रागावली होती. अर्धा रोवणा टाकून मी तिला काऊन उठवलं, म्हणून.

ही गोष्ट घुग्घुसला पोचली. तिथे माझा मुलगा कोळशाच्या खाणीत कामाला आहे. तो पाळीतून सुटू शकला नाही, पण सून आली. नातीची शाळा होती, म्हणून तिला बापाजवळ ठेवून एकटीच आली. सून बोलायला मऊ, पण मऊ बोलून आपलंच करणारी. तिनं चार दिवस सासूकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "मामाजी, आत्याबाईले दवाखान्यात दाखवू."

"म्हातारपण आहे ते," मी म्हटलं. "त्याले दवा नसते."

"नसली तर वापस येऊ," ती म्हणाली.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरनं तपासलं, रक्त घेतलं, आणि आम्हाला शेवटच्या खोलीत पाठवलं. तिथे एक मॅडम बसायची. तरणी पोरगी, चंद्रपूरकडून यायची, आठवड्यातून एकदा. तो दिवस आमच्या गावच्या बाजाराचा दुसरा दिवस असे.

इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाही तर पुढचं कळणार नाही. आमच्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. आताच्या घेतात, माझी सून तर फोनवर ओरडून घेते. पण माझ्या बायकोनं कधी घेतलं नाही. लग्नात बायांनी दार अडवलं, उखाण्यात नाव घे म्हणाल्या. ती उंबऱ्याबाहेर पदर तोंडावर धरून उभी राहिली. उन्हं उतरली, जेवणं थांबली, तरी घेतलं नाही. शेवटी माझ्या बहिणीनं तिच्यावतीनं घेतलं, तेव्हा ती घरात आली.

आणि माझं नाव वारावरून आहे. ज्या वारी जन्मलो, त्याच वाराचं नाव आईनं ठेवलं. आमच्याकडे अशी नावं पुष्कळ. त्यामुळं माझ्या बायकोनं लग्नापासून त्या वाराचंही नाव घेतलं नाही. आठवड्यात सहाच वार बोलायची. सातव्याला ती म्हणायची, बाजाराचा उद्याचा दिवस. दुकानात, शेतात, पोराच्या शाळेत मास्तरसमोरसुद्धा, बाजाराचा उद्याचा. गावातल्या बायांना सवय झाली होती. बाहेरून आलेला माणूस गोंधळायचा.

मॅडमनं तिला समोर बसवलं आणि गोड आवाजात विचारलं, "आजी, आज कोणता वार आहे?"

"बाजाराचा उद्याचा," ती म्हणाली.

"म्हणजे कोणता? वाराचं नाव सांगा."

ती माझ्याकडे पाहायला लागली.

"बरं, राहू द्या. आजोबांचं नाव काय?"

तिनं पदर ओठांवर घेतला. मॅडम थांबली, पुन्हा विचारलं, "आठवत नाही का?" आणि कागदावर काही खूण केली. पण मी बाजूला बसलो होतो, मला पदराआडून दिसत होतं. ती हसत होती. नवी नवरी हसावी तशी.

"मॅडम, ते विसरली नाई," मी म्हटलं. "ते घेत नाई. दोन्ही प्रश्नाचं उत्तर एकच आहे, आन ते तिले घेता येत नाई."

मॅडमला समजेना. मग सुनेनं समजावून सांगितलं. मॅडम लाजली, खरंच लाजली. "चुकलं माझं, बाबा," म्हणाली, आणि त्या दोन खुणा खोडल्या. मोठ्या मनानं खोडल्या, हे मी मान्य करतो. पण खोडून झाल्यावर तिनं कागद माझ्याकडे फिरवला. "बाकीचे राहिलेच की. मी सुरुवातीला तीन वस्तू लक्षात ठेवायला सांगितल्या होत्या, त्यातली एकही त्यांना सांगता आली नाही."

"त्यात खुर्ची होती," मी म्हटलं. "आमच्या घरी खुर्ची नाई. ते कायले ध्यानात ठेवन?"

सून खाली पाहून हसली. मॅडमही हसली. हसू गेल्यावर म्हणाली, "बाबा, हा आजार वाढत जातो. गोळ्यांनी थोडं सावरेल, पण सांभाळणं तुमच्याच हातात. त्यासाठी आपण समुपदेशन करू. त्यांचंही, तुमचंही."

"उपदेश?" मी म्हटलं. "मले?"

"उपदेश नाही हो. समुपदेशन."

"समोर सम लावला म्हणून उपदेशाचं काही दुसरं होते का?"

तिनं सांगितलं की घरात असा माणूस असणारे लोक दर आठवड्याला त्या खोलीत बसतात, एकमेकांशी बोलतात, कुणाला काय जड जातं ते सांगतात. मग वळून मला विचारलं, "तुमची झोप होते का नीट?"

"झोप माझी आहे," मी म्हटलं. "तुम्हाले कायले पाह्यजे?"

मी बायकोला घेऊन बाहेर आलो. मी तिसरीपर्यंत शिकलो आहे. पण जंगलखात्याच्या साहेबापासून तहसीलदारापर्यंत कोणापुढे मी मान खाली घातली नाही, आणि रडगाणं तर कोणापुढेच गायलं नाही. ज्या पोरीनं एका नजरेत माझ्या बायकोला विसरभोळी ठरवलं होतं, तिच्यापुढे बसून मी काय सांगायचं? ती परीक्षा खोटी होती, हे मी आजही म्हणतो.

सून मात्र आमच्याकडेच राहिली आणि तिथे जाऊ लागली. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरायची, दुपारी परत. तेवढा वेळ मी घरी सासूजवळ. ती आली की मी छपरीतून विचारायचो, "झालं का कीर्तन? आज काय उपदेश भेटला?"

"तिथी कोणी काही सांगत नाई, मामाजी. आपणच बोलाचं. मॅडम आयकते."

"नुसतं आयकाचा पगार भेटते? मग मलेबी लावून दे तिथी."

"तुम्हाले नाई जमणार," ती पाय धुता धुता म्हणाली. "तुम्ही कोणाचं आयकता?"

एकदा ती आली तेव्हा डोळे सुजलेले होते. मी विचारलं, काय झालं. म्हणाली, "आज मी बोलली." काय बोलली, विचारलं. "तुमच्याबद्दल. आत्याबाईचा तरास मले होत नाई म्हनलं. तुमचाच होते." आणि चुलीकडे निघून गेली. मी त्या दिवशी दोनदा भात मागून घेतला. तिला वाटू नये की मला लागलं.

माझी बायको हळूहळू जात होती. चुलीवर दूध ठेवून विझलेली लाकडं फुंकत बसायची. सुनेला कधी नणंद समजायची, कधी अंगणवाडीची बाई. दिवस बुडायला लागला की उठायची आणि माझं गाव दूर आहे, निघते म्हणायची. आमच्या गावाच्या पलीकडून जंगल सुरू होते. वाघ आता बांधापर्यंत येतो. वनखात्याची गाडी भोंगा लावून सांगून जायची, उजेड गेल्यावर कोणी बाहेर पडू नका. मी बैलाच्या गळ्यातली घंटा दाराला बांधली. घंटा वाजली की सून हातातलं टाकून धावायची. ती वाळत चालली होती. एकदा भाकर थापता थापता बसल्या जागी झोपली. तवा जळून काळा पडला तरी उठली नाही.

आणि मी? मला एका गोष्टीची सवय लागली होती. मी बायकोला वार विचारायचो.

सकाळी तोंड धुवून झालं की तिच्यासमोर बसायचो आणि म्हणायचो, "आज कोणता वार व?" बाजाराच्या दुसऱ्या दिवशी ती म्हणायची, "बाजाराचा उद्याचा." तेवढं आयकलं की माझा दिवस सुधारायचा. तिनं सुनेला विसरावं, पोराला विसरावं, जेवलेली भाकर विसरावी. पण जोवर ती तो वार टाळते आहे, तोवर तिला माहीत आहे की तिला नवरा आहे, आणि तो मी आहे. डॉक्टरच्या मशीनला हे कळणार नाही. मला कळत होतं.

पुढे पुढे ती रोजच म्हणायला लागली, बाजाराचा उद्याचा. कोणताही वार असो.

"मामाजी, आज बाजाराचा उद्याचा नाई," सून एकदा म्हणाली. "आज बाजाराले लय दिवस आहेत."

"तू गप राय," मी म्हटलं.

धानाची मळणी झाली आणि मुलगा मोटारसायकलवर आला. अंगाला कोळशाचा वास. आईजवळ बसला. तिनं त्याला पाणी दिलं आणि कोणाकडे आला बाप्पा, असं विचारलं. तो उठून छपरीत माझ्याजवळ आला.

"बाबा, मायले घुग्घुसले नेतो. पोरगी दहावीले आहे, तिची माय इथी किती दिवस राहीन? तुम्हीबी चला."

"तिथी काय पाहीन ते? ट्रका?"

"इथी काय पाहून राह्यली?"

"मले पाहते," मी म्हटलं.

मग मला वाटलं, याला माझं बोलणं म्हाताऱ्याचा हट्ट वाटतो आहे. म्हणून मी स्वच्छ सांगितलं, "ज्या दिवशी ते मले ओळखणार नाई, त्या दिवशी घेऊन जा. मी आडवा येणार नाई. आन मागंबी येणार नाई. जिले मी माहीत नाई, तिच्या मागं मी काऊन फिरू?"

"असं काय बोलता, बाबा?"

"बोललो ते बोललो."

सुनेनं हे मॅडमच्या खोलीत जाऊन सांगितलं असावं. कारण पुढच्या महिन्यात मॅडम आमच्या घरी आली. दवाखान्याच्या गाडीतून नर्सबाईसोबत लसीच्या कामाला गावात आली होती, वाटेत थांबली. तिला बसायला खाट दिली. ती माझ्या बायकोशी बराच वेळ बोलली. वार विचारला नाही. कोणतं गाव, कोणत्या झाडाचे आंबे गोड, तेच. बायको खुशीत होती. मग मॅडम माझ्याकडे वळली.

"बाबा, मला एक सांगायचं आहे. ऐकून घ्या, मग हाकलून द्या."

"घरी आलेल्या माणसाले मी हाकलत नाई."

"ओळख एका दिवसात जात नाही. जाते, येते, पुन्हा जाते. एका दिवसावर अट ठेवू नका."

"मी शब्द देला आहे."

"कोणाला दिला? आजींना की मुलाला?"

"मले," मी म्हटलं. "मी मलेच देला."

"आणि तुम्ही त्यांना रोज वार विचारता, असं कळलं."

मी सुनेकडे पाहिलं. सून लाखोळीची डाळ निवडत होती, तिनं मान वर केली नाही.

"रोज परीक्षा घेतली की माणूस भितं, बाबा. उत्तर मागू नका. त्या ज्या गावात असतील, तिथे जाऊन बसा त्यांच्याजवळ."

"कोन्या गावात?"

"त्यांच्या मनात त्या वेळी जे असेल, त्या. त्या म्हणाल्या मी माहेरी आहे, तर माहेर. भांडू नका."

"मले माझं गाव आहे," मी म्हटलं. "मी दुसऱ्याच्या गावात जाऊन बसत नाई."

जाताना तिनं अंगणात उभं राहून सांगितलं, "तुम्हाला बोलायचं नसेल तर नका बोलू. नुसते या. एक दिवस बाहेरच्या बाकावर बसून जा." मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. गेलो मात्र नाही. बोलणं मला तेव्हा जमलं नाही, आताही जमत नाही. म्हणून हे लिहून राहिलो आहे.

होळी होऊन गेली. मोह पडायला लागला. माझ्या धुऱ्यावर एक जुना मोह आहे, त्याची फुलं पहाट होता होता टपटप पडतात. ती आधी बायको वेचायची, आता सून वेचून आणायची. सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परड्यात, आम्ही ती वाळत घालायचो. बाजाराचा दिवस होता. सून दुपारी मीठमिरची आणायला बाजारात गेली होती. मी आणि बायको सांदवाडीत बसून वाळलेल्या मोहातली काडी-माती निवडत होतो. तिचे हात चांगले चालत होते. ऊन होतं, पण कडुनिंबाची सावली पुरत होती. मला बरं वाटत होतं. म्हणून मी विचारलं. भीतीनं नव्हे, सवयीनं.

"आज कोणता वार व?"

"आज बाजार," ती म्हणाली. मला आनंद झाला, कारण कितीतरी दिवसांनी तिला बरोबर सांगता आलं होतं. आणि मग ती पुढे म्हणाली, उद्या अमका वार.

मी तो वार इथे लिहीत नाही. लिहिला तर माझं नाव लिहिल्यासारखं होईल. पण ती बोलली. पूर्ण बोलली, अडखळली नाही, पदराला हात लावला नाही. आठवड्यातल्या दुसऱ्या कोणत्याही वारासारखा तो वार तिच्या तोंडातून आला आणि ती काडी निवडत राहिली.

मला वाटलं, मी चुकीचं आयकलं.

"उद्या काय?"

तिनं पुन्हा सांगितलं. मग माझ्याकडे नीट पाहिलं, जसं आपण ओळखीच्या नसलेल्या पण साध्या दिसणाऱ्या माणसाकडे पाहतो. "भाऊ," ती म्हणाली, "तुम्ही कोन्या गावचे?"

मी उठून जायला पाहिजे होतं. मॅडमनं सांगितलं होतं, उत्तर मागू नका. पण मला सवय कधी नव्हती अर्ध्यावर सोडायची. मी तिला माझं नाव सांगितलं. बापाच्या नावासकट सांगितलं. आणि विचारलं, "या मानसाले ओळखतेस का?"

तिनं हात थांबवला, खरंच आठवून पाहिलं. मग माझं नाव घेतलं. पन्नास वर्षांच्या वर झाली आमच्या लग्नाला. तिच्या आवाजात माझं नाव कसं लागतं, ते मला माहीत नव्हतं. ते मी त्या दिवशी आयकलं. ती म्हणाली, "अमका? नाई बा. आमच्या इथी असा कोणी नाई."

आणि मोहाची मूठ माझ्यापुढे केली. "घ्या भाऊ. गोड आहेत."

मी घेतली. खाल्ली नाही. मुठीतच धरून बसलो.

ती कुठे गेली होती, ते मला समजत होतं. लग्नाच्या मागे गेली होती. त्या गावात तिला नवरा नव्हता, नाव टाळायचं कारण नव्हतं, तो वार तिथे नुसता वार होता. तिथे ती सुखी दिसत होती. माझ्यासाठी तिथे जागा नव्हती, एवढंच.

सून बाजारातून आली. पिशव्या ठेवल्या, विचारलं, "काही तरास देला का आत्याबाईनं?"

"नाई," मी म्हटलं.

खोटं नव्हतं. त्रास तिनं दिला नव्हता. पण तिनं काय म्हटलं, ते मी सांगितलं नाही. सांदवाडीत आम्ही दोघंच होतो. कडुनिंबाशिवाय कोणी आयकलं नव्हतं. मी गप राहिलो असतो तर कोणाला काही कळलं नसतं, आणि ती माझ्या घरात राहिली असती, माझ्या खाटेच्या बाजूच्या खाटेवर. जेवताना हा विचार माझ्या मनात आला, आणि निजेपर्यंत राहिला. पण मी शब्द दिला होता. लोकांना दिलेला शब्द मोडणारे मी पुष्कळ पाहिले, त्यांची मला कीव आली. स्वतःलाच दिलेला मोडला असता तर मी मला कोणत्या तोंडानं पाहिलं असतं? आणि खरं सांगायचं तर, दुसरंही होतं. रोज सकाळी तिनं मला भाऊ म्हणावं आणि मी ते गिळावं, हे मला झेपणारं नव्हतं. शब्द पाळणं सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुनेला म्हटलं, "पोराले फोन लाव."

तिनं लावून दिला. पलीकडे मशीनचा आवाज येत होता. मी म्हटलं, "तुझी माय मले ओळखत नाई आता. सकाळच्या गाडीनं दोघी येऊन राह्यल्या. नागभीडले उतरतीन, तिथी ये."

तो बाजूला गेला असावा, मशीनचा आवाज कमी झाला. मग म्हणाला, "तुम्हीबी या, बाबा." मी फोन सुनेच्या हातात दिला.

"मामाजी," सून म्हणाली, "आज मॅडमचा दिवस आहे. आधी तिथी जाऊ. मॅडम म्हनते, ओळख वापस येते."

"वापस आली तर मी तिथी येईन," मी म्हटलं. "तू साड्या बांध."

तिनं भराभर गाठोडं बांधलं, गोळ्यांची पिशवी घेतली. नातीकडे जायचं म्हणून तिला बरं वाटत असेल, आणि बरं वाटतं म्हणून वाईटही वाटत असेल. मी बायकोच्या पायात चपला घातल्या. तिनं पाय मागे घेतला, परक्या माणसानं पायाला हात लावला म्हणून संकोचली.

गाडी आली. मी तिला खिडकीजवळ बसवलं.

"भाऊ, हे गाडी माझ्या गावाले जाते ना?" तिनं विचारलं.

"जाते, बाई," मी म्हटलं.

"तुम्ही नाई येत?"

"मोह वेचाचा आहे, बाई. झाडाखाली पडून आहे."

"हो, मग जा," ती म्हणाली. "ऊन झालं की सुकते."

गाडी वळेपर्यंत मी उभा राहिलो नाही. घरीही गेलो नाही. सरळ धुऱ्यावर गेलो, खांद्यावरचा दुपट्टा अंथरला आणि मोहाखाली वाकून वेचायला लागलो.